बोडी सकाळी उठत नाही

पवनी
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय रिता,

तुझं पत्र राखीच्या आधी आलं आणि पोळा होऊन गेला तरी मी उत्तर दिलं नाही. याबद्दल मनापासून माफी मागते. कॉलेजात पेपर तपासायचे होते हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं. पत्र वाचून मी ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि दोन दिवसांनी तिथून काढून स्वयंपाकघरात डब्यामागे ठेवलं. या घरात मी एकटी राहते. मग लपवत कुणापासून होते, हे माझं मलाच कळलं नाही.

अडचण तुला ठाऊक आहे. तू ज्याच्याबद्दल विचारतेस तो तुझा नवरा आहे आणि माझा धाकटा भाऊ. 'काही नाही गं, तुझा भ्रम आहे' असं लिहिलं असतं तर ते त्याच्या बाजूनं झालं असतं. 'लक्ष ठेव' असं लिहिलं असतं तर तुझ्या घरात मी काडी टाकल्यासारखं झालं असतं. म्हणून काहीच लिहिलं नाही. तेही बरोबर नव्हतं.

तू लिहिलंस ते मला समजलं तसं पुन्हा मांडते, चुकलं तर सांग. राजकुमार रोज सकाळी घरामागं बोडीच्या पाळीवर, पाण्याकाठी जातो. तिथं येरझाऱ्या घालत मोठ्यानं इंग्रजी बोलतो. जवळजवळ प्रत्येक वाक्यात 'शी' येतं. तू दिसलीस की थांबतो आणि खाकरतो. हल्ली रोज दाढी करतो आणि त्यानं पांढरे बूट घेतले आहेत. तू ऐकून लिहून पाठवलेली तीन वाक्यं मी वहीत उतरवली. 'शी वेक्स बिफोर अस ऑल', म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आधी ती उठते. 'हर फेस इज लाइक अ मिरर', तिचा चेहरा आरशासारखा आहे. 'शी नेव्हर आस्क्स फॉर एनीथिंग', ती कधी काही मागत नाही.

तुझं ऐकणं पक्कं आहे. माझे बारावीचे विद्यार्थी यापेक्षा जास्त चुका करतात.

दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत सिमिली म्हणतात, आपली उपमा. एका गोष्टीला दुसरीसारखी म्हणायचं आणि मध्ये 'सारखी' हा शब्द उघड ठेवायचा. उपमा तशी प्रामाणिक असते, कारण दोन वस्तू वेगळ्या आहेत हे ती कबूल करते. इथं आरसा कळला, पण आरशासारखं काय आहे ते कळलं नाही. नुसत्या 'तिचा' या शब्दावरून बाई ठरवायला माझं मन घेत नाही. आणि बाई नाहीच, असंही मी म्हणत नाही.

आणखी ऐकू आलं तर लिहून पाठव. तो उघड्यावर मोठ्यानं बोलतो, तेव्हा ऐकण्यात चोरी नाही असं मी स्वतःला समजावलं आहे. पण त्याच्या खिशात हात घालू नकोस आणि त्याचा फोन उघडू नकोस. तेवढं मला सांगवत नाही.

तुझी
रत्नाताई


सिहोरा
२ सप्टेंबर

रत्नाताई, नमस्कार.

शुद्ध लिहायचा प्रयत्न करीन, पण घाईत आपलीच बोली येते, समजून घ्या.

तुमचं पत्र धुरपताबाईनं अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता हातात देल्लं. म्हणे, "कोणाचं होय?" म्हटलं, "ननंदेचं." म्हणे, "ननंद अन् पत्र? काहून, फोनवर भांडण होत नाही का तुमचं?" मी हसली. तिच्या पत्त्यावर बोलावते कारण घरी फोन आला का हे स्पीकर चालू करतात. डिंपलले विचारलं असतं, नागपुरात तिचं कॉलेज इंग्रजीतच आहे, पण बापाची अशी गोष्ट पोरीले कशी विचारू.

परवा मी समोरच गेली. म्हटलं, "कोणाशी बोलून राहिले?"

म्हणे, "पाठांतर करून राहिलो."

"कोणत्या नाटकाचं?"

"नवीन होय."

"यंदा तं तुम्ही इन्स्पेक्टर आहात. इन्स्पेक्टर 'यू आर अंडर अरेस्ट' येवढंच म्हणते."

तं म्हणे, "तुले काय करायचं? तुले कोणी काम देल्लं नाही त्याच्यात."

ताई, वीस वर्षं मी यायचं पाठांतर ऐकली. जमीनदार झाले, वकील झाले, दारुडा झाले. स्वयंपाक करता करता समोरच्याचे डायलॉग मीच म्हणत होती, तवा यायले माझी लाज वाटत नव्हती. हे पहिलं पाठांतर आहे का मी आली का बंद होते.

नवीन वाक्यं लिहिते. 'इन समर शी लाइज डाउन अँड वेट्स.' 'व्हेन द रेन कम्स शी इज अ ब्राइड.' 'देअर आर लोटसेस इन हर हेअर.' 'शी फीड्स द होल हाउस.'

ब्राइड म्हणजे नवरी, हे मले समजते. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. यायनं खाल्ली अन् काही म्हटलं नाही. आधी म्हणाले असते. मंग तर जास्तच वाटलं.

यायच्या नाटक मंडळात वडशाहून एक नटी येते. केसात फूल लावते. कमळ नाही, साधा मोगरा. पण नाटकवाल्यायचं काय सांगावं. खरं ते लिहा ताई, मले सांभाळून घ्यायची गरज नाही.

तुमची
रिता


पवनी
९ सप्टेंबर

प्रिय रिता,

ती बोडी आहे.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण तू पत्र फोडताना जीव मुठीत धरला असशील. ज्या बोडीच्या पाळीवर उभा राहून तो बोलतो, त्या बोडीबद्दलच बोलतो. उन्हाळ्यात पडून राहते, पावसाची वाट पाहते, भरली की नवरी दिसते, केसात कमळं. आणि घर तर तिच्यावरच चालतं: धानाला पाणी, मासे, शिंगाडे. माझ्याबरोबर कॉलेजात पुण्याकडून आलेले एक प्राध्यापक आहेत, त्यांना बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं हे मला समजावून सांगावं लागतं. माझं लहानपण जिच्या काठी गेलं तिला मी ओळखलं नाही आणि 'सारखी' या शब्दावर अर्धं पान लिहून तुला पाठवलं.

याला पर्सॉनिफिकेशन म्हणतात. निर्जीव वस्तूला माणसाचे गुण द्यायचे. आपण मराठीत बोडीला 'ती'च म्हणतो, त्यात विशेष काही नाही. इंग्रजीत मात्र वस्तू म्हणजे 'इट'. तळ्याला 'शी' म्हणायचं तर बोलणाऱ्यानं ते ठरवून म्हणावं लागतं. मग ते तळं उठतं, वाट पाहतं, उपाशी ठेवत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याच्याबद्दल माया तयार होते. दगडाबद्दल माया वाटत नाही, बाईबद्दल वाटते. युक्ती एवढीच आहे.

एवढं लिहून मी थांबले होते. तो भाऊ आहे म्हणून तर मला तळं दिसत नाही ना, अशी शंका आली. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात ती वाक्यं फळ्यावर लिहिली, कुणाची ते सांगितलं नाही, आणि 'ही कोण?' असं विचारलं. बहुतेक मुलं म्हणाली, आई. एक जण नवरी म्हणाला, त्यावर वर्ग हसला. शेवटी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली एक मुलगी आहे, ती म्हणाली, "मॅडम, हे तळं आहे. आमच्या गावातलं असंच होतं." तेव्हा मला धीर आला.

पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. जुलैत राजकुमारचा मला फोन आला होता. "ताई, सिमिली अन् मेटाफर, काय फरक होय?" असं विचारत होता. नाटकासाठी असेल असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. सगळ्या जन्मात त्यानं माझ्या विषयातलं काही विचारलं नव्हतं. मी अर्धा तास बोलले. तुला आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की मी त्याला सामील आहे. म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

वडशाच्या नटीला मनातून काढून टाक.

तुझी
रत्नाताई


सिहोरा
१६ सप्टेंबर

रत्नाताई,

तुमचं पत्र वाचून मी अंगणवाडीतच बसून हसली. धुरपताबाई म्हणे, "ननंदेनं जोक पाठवला का?" म्हटलं, "सवत भेटली माझी. घरामागंच राहते."

दुसऱ्या सकाळी पाळीच्या पलीकडून चोरून पाहिलं. हे खरंच पाण्याकडं तोंड करून हात हालवून राहिले होते. मले बरं वाटलं. चहात साखर जास्त टाकली.

पण ताई, चहा पेता पेता मनात आलं का बोडीवर यायचा येवढा जीव होता तं आजवर कोठी होता? बेशरमची झुडपं काढायले कधी उतरले नाही पाण्यात. दरवर्षी मी अन् धुरपताबाईची जाऊ काढतो, अंगाले खाज सुटते. दक्षिणेकडची पाळ फुटते तवा माती मी टाकते. शिंगाड्याच्या वेली मी सोडते. यायले काटा टोचला का आठ दिवस बोट दाखवत फिरतात.

आणखी दोन गोष्टी लिहिते. तुमसरचा तेजराम हप्त्यातून दोनदा येते. थो जमिनीचे सौदे करते हे तुमाले माहीत आहे. मी चहा घेऊन गेली का दोघं बी पावसाचं बोलतात. पाऊस नसला तरी.

दुसरी अशी का यायचं नवीन वाक्य आहे, 'शी हॅज नेव्हर गॉन ड्राय'. म्हणजे कधीच आटली नाही, बरोबर? ताई, दोन वर्षाआधी मे महिन्यात आटली होती. चिखलातून मासे हातानं काढले, गावभर वाटले. हे स्वतः टोपलं घेऊन उभे होते.

हा कोणता अलंकार होय?

रिता


पवनी
२८ सप्टेंबर

प्रिय रिता,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इंग्रजीत हायपरबोली म्हणतात, आपली अतिशयोक्ती. 'मेले मी हसून हसून' असं म्हटलं तर कुणी तिरडी बांधायला धावत नाही. सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनाही ठाऊक असतं की हे वाढवून सांगितलं आहे. त्यावरच ती चालते. ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तर ती अतिशयोक्ती राहत नाही, थाप होते. म्हणून मी तुझं पत्र वाचून एकच विचार करत बसले, की हे वाक्य तो कुणाला ऐकवणार आहे? जो कुणी असेल त्यानं ती आटलेली पाहिलेली नाही.

उत्तर लिहायला बसणार तोच, काल दुपारी, राजकुमार स्वतः आला. घरच्या तांदळाची पिशवी, पांढरे बूट. काय झालं ते जसं झालं तसं सांगते.

म्हणाला, "ताई, तू फक्त ऐक. मंग चुका काढ." आणि फ्रिज आणि गॅसच्या मध्ये उभा राहून, पडद्याआडून येतो तसा एक पाऊल पुढं टाकून बोलायला लागला. तुझी सगळी वाक्यं त्यात होती, आणखीही होती. रिता, तो छान बोलला. त्याचे उच्चार आपल्याकडचे आहेत, पण आवाजात बोडी दिसत होती. मला आमचे बाबा आठवले, पाळीवर बसलेले. माझे डोळे भरून आले.

शेवटाकडे एक वाक्य होतं, 'शी इज वेटिंग फॉर अ न्यू मॅन.' मी हसले. म्हटलं, "राजू, हे ऐकून लोक भलतंच समजतील. 'न्यू हँड्स' म्हण. हात म्हटलं की त्यात माणूस आला, काम आलं, माया आली. भाग सांगून पूर्ण सांगायचं." त्याला ते फार आवडलं. लगेच म्हणून पाहिलं. 'शी इज रेडी फॉर न्यू हँड्स.' दोनदा म्हटलं. वाक्य खरंच सुंदर झालं होतं.

आणि मग मला ते ऐकू आलं.

"कुणाचे नवीन हात, राजू?"

"तेच तं सांगायले आलो," म्हणाला, आणि पिशवीतून कागद काढला.

तेजरामनं बोडी घेणारी पार्टी आणली आहे. नागपूरचा एक बिल्डर आणि त्याचा विलायतेत राहणारा भागीदार. तळ्याकाठी शहरी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. विलायतेतला माणूस स्वतः बघून ठरवणार. तेजराम याला म्हणाला, "तू नट आहेस, दिलसे बोल, अन् इंग्रजीत बोल." ते येणार आहेत १२ ऑक्टोबरला, रविवारी. बोडी विकून राजकुमारला स्वतःची नाटक कंपनी काढायची आहे. हे सांगताना त्याचा चेहरा सातवीत होता तसा झाला होता. त्याचं खोटं नाही. त्याला ते फार दिवसांपासून हवं आहे.

सातबाऱ्यावर बाबांनंतर त्याचं आणि माझं नाव आहे, म्हणून माझी सही लागते.

मी विचारलं, "रिताला माहीत आहे?"

"तिले आत्ताच कायले सांगू? ऐन वेळी सांगीन. आराम भेटन म्हणा आता."

"कुणाला? बोडीला की रिताला?"

"दोघींले," म्हणाला, आणि हसला.

मी म्हटलं, वाचून पाहते. तो म्हणाला, "माझ्यावर भरवसा नाही का, ताई?" मी म्हटलं, आहे म्हणून तर वाचते. रविवारी पार्टीचे प्रश्न आले तर दुभाष्याचं काम करायला मी यावं, असंही तो म्हणाला. मग जेवून गेला. कागद माझ्या टेबलावर आहे.

मी अलंकार बरोबर ओळखला होता, पण तो कशासाठी चालवला आहे हे विचारलं नाही. बोडीला बाई केली की तिच्या वतीनं बोलता येतं. ती दमली, ती वाट पाहते, ती तयार आहे, हे सगळं दुसऱ्यानंच सांगायचं, आणि तिला कुणी विचारायचं नाही. हे मी वीस वर्षं शिकवते आणि परीक्षेत याला दोन गुण देते.

तुझी
रत्नाताई


सिहोरा
४ ऑक्टोबर

ताई,

पत्र वाचल्यावर त्या दिवशी मी जेवली नाही. हे म्हणाले, "तब्येत बरी नाही का?" म्हटलं, "बरी आहे."

तुमच्या पत्रात सर्व काही आहे. थो कसा उभा राहिला, तुमचे डोळे कसे भरले, वाक्य कसं सुंदर झालं. पण सही केली का नाही केली, हे नाही. 'कागद टेबलावर आहे' म्हणजे काय? सही होऊन बी कागद टेबलावरच राहते.

तुम्ही दोघं भाऊ-बहीण. एक बोलते, एक सुधारून देते. जुलैत फोन आला होता हे तुम्ही आधी लपवलं, मंग सांगतलं. आता काय लपवलं हे मले पुढच्या पत्रात समजन का?

नवीन हात तुम्ही देल्ले. जुने कोणाचे होते ते विचारलं का त्याले?

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं का बाई आहे. तुम्ही मले समजावून सांगतलं का बाई नाही, बोडी आहे. वर्गात फळ्यावर लिहून पाहिलं. मी बी मानलं अन् हसली. आता ते सारे वाक्यं मी पुन्हा काढून वाचले. सर्वायच्या आधी उठते. घर पोसते. कधी काही मागत नाही. ताई, बोडी सकाळी उठत नाही. मी उठते. उठून बोडीवर जाते. यायले इतक्या वर्षांत जे दिसलं ते माझं काम होय, अन् बोडीच्या नावानं सांगून राहिले, बोडीच्या नावानंच विकून राहिले.

माझी सासू मरेपर्यंत मले रिता म्हटली नाही, 'साकोलीवाली' म्हटली. गावाच्या नावानं बाई सांगायची. त्याले बी तुमच्या पुस्तकात काही नाव असन. मले राग नाही आला कधी, सर्वायलेच तसं म्हणतात. पण आता मी बोडी झाली, हे मले सोसत नाही.

माझं नाव सातबाऱ्यावर नाही. मी नाही म्हटलं तर तेजराम म्हणन, घरची बाई चहा आणायची सोडून काय बोलून राहिली. रविवारी ते येणार आहेत तवा मी शिंगाडे काढायले पाण्यात असीन. घरात बसून चहा करणार नाही.

तुमाले जे करायचं ते करा. अलंकार समजावून नका सांगू.

रिता


पवनी
११ ऑक्टोबर

प्रिय रिता,

सही केलेली नाही.

तू विचारलंस ते बरोबर होतं, आणि आधीच्या पत्रात मी ते लिहिलं नाही तेही मुद्दाम होतं. 'मी सही केली नाही' असं लिहिणं म्हणजे तुझ्याकडून शाबासकी मागणं आहे, असं मला वाटलं, म्हणून ते गाळलं. माझा संकोच जपण्यासाठी तुला आठवडाभर काळजीत ठेवलं. तू माझ्या जागी असतीस आणि मी तुझ्या, तर मीही तेच विचारलं असतं.

हे पत्र टपालानं वेळेत पोचणार नाही. टाकतच नाही, स्वतः घेऊन येते. तुझ्या हातात पडेल तेव्हा मी समोर असेन आणि कदाचित तुझे हात ओले असतील. तरी लिहिते, कारण समोर आले की मी समजावायला लागते.

तुझं पत्र आल्यावर माझी तिन्ही पत्रं आठवून पाहिली. त्यात 'ती' कोण, हे मी शोधत होते. तुला काय हवं आहे, हे एकदाही विचारलं नाही. बोडी ठेवायची असेल असं मी आपलं मनाशी धरून चालले आहे. कदाचित तूही बेशरम काढून दमली असशील. कदाचित विकावी पण अशी नाही, असं असेल. मला माहीत नाही. तुझ्या वतीनं मी काही ठरवलं तर राजूनं केलं तेच मीही केलं.

परवा त्याला फोन केला. म्हटलं, रविवारी येते, दुभाष्याचं काम करते.

"ये. चांगली साडी नेस. कागद आणजो."

"आणते. कोराच आणते. राजू, पार्टीसमोर तुझं झालं की रिता बोलेल."

मागं म्हशीची घंटा ऐकू येत होती.

"रिता? थे काय बोलन?"

"ते तिला विचार."

"तिले सांगतलं का तू?"

"हो. पत्रात."

"पत्रात," तो म्हणाला. "म्हणून थे मीठ दोनदा टाकून राहिली होती का?" मग म्हणाला, "तू काहीतरी करून राहिलीस, ताई."

"हो," म्हटलं. "ती बोलल्यावर, ती सांगेल तर सही करीन. नाही म्हणाली तर नाही करणार. आणि तुझी कंपनी निघावी असं मला खरंच वाटतं, तेही तुला सांगते."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर केला नाही. घरी तुला काही बोलला का, रागावला का, हे मला ठाऊक नाही आणि याची मला भीती वाटते. सही न करता मी संध्याकाळच्या बसनं पवनीला परत येईन, तुला त्याच घरात राहायचं आहे. म्हणून तू उद्या काहीच बोलली नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही. त्यांना सांगेन, दुसऱ्या मालकिणीची, म्हणजे माझी, सही आज मिळणार नाही, आणि त्याचं कारण माझ्या अंगावर घेईन.

पण बोललीस तर पाण्यातच उभी राहून बोल. मी काठावर येऊन थांबते. दक्षिणेकडची पाळ फुटते ते सांग. कोण माती टाकतं ते सांग. दोन वर्षांपूर्वी आटली होती ते सांग. आपल्या बोलीत सांग, शुद्ध करायच्या भानगडीत पडू नकोस. विलायतेतल्या माणसाला काय वाटेल याचा विचार करू नकोस. तो माझाही विषय नाही.

आयुष्यभर मुलांना सांगत आले की साधं वाक्य अलंकारानं उठून दिसतं. उद्या मला उलटं काम आहे, आणि ते मला जमेल याची खात्री नाही. तुझं वाक्य इंग्रजीत नेताना माझी जीभ सवयीनं त्याला काहीतरी लावेल. तसं झालं तर सगळ्यांसमोर मला थांबव.

रोजनिशीत मी रोज दुसऱ्या दिवसाचं एक काम लिहून झोपते. आज तेच इथं लिहिते.

उद्या: रिता बोलेल ते इंग्रजीत सांगणे, आपल्या पदरचं काही न घालता.

तुझी
रत्नमाला